घर आणि आरोग्य : पाठ राखावी ती रोजच्या रोज

इंदूरहून एका भगिनींचे पत्र आले आहे. त्यातील मजकूर थोडक्यात असा : त्यांचे यजमान एका पेढीत हिशेबनीस आहेत, वय एक्केचाळीस. चार महिन्यांपूर्वी गव्हाचा डबा सरकवताना त्यांच्या कमरेत उसण भरली. वडीलधाऱ्यांच्या सांगण्यावरून ते तीन आठवडे लाकडी फळीवर पडून राहिले. पुढे मणक्यांची छायाचित्रे काढली, तेव्हा 'गॅप आहे' असे कळले, आणि कमरेला पट्टा आला. वेदना आता पुष्कळ उणावली आहे. भीती मात्र वाढली आहे. ते वाकत नाहीत, जमिनीवर बसत नाहीत, बाजाराची पिशवी उचलीत नाहीत. "आमची तीन वर्षांची मुलगी," असे त्या भगिनी लिहितात, "हे कचेरीतून आले की हात वर करून पुढे धावायची. हे एक पाऊल मागे सरायचे. आता तिने हात वर करणे सोडले आहे. ह्यापुढे असेच चालावयाचे काय?"

ह्या प्रश्नाचे उत्तर त्यांना एकट्यांना पत्राने पाठविता आले असते. परंतु हे दुखणे एका घराचे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, आणि २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटी ३० लाखांवर जाईल असा अंदाज आहे. माणसाला कामापासून दूर ठेवणाऱ्या सर्व व्याधींत ह्या दुखण्याचा क्रमांक पहिला लागतो. म्हणून ह्या वेळचे सदर पाठीसाठी राखून ठेविले आहे.

आणखी एक कारण खाजगी आहे, तेही सांगून टाकतो. तीन वर्षांपूर्वी पाठीची निगा कशी राखावी ह्या विषयावरील एका लेखाचा मी अनुवाद करीत होतो. अंक छापावयास जाण्याची घाई होती. दुपारी दोनला मान खाली घातली ती सहाला वर केली, आणि खुर्चीवरून उठावयास गेलो तो उठवेना. शेजारच्या सहकाऱ्याने काखेत हात घालून उभे केले. अनुवादित कागदावर शेवटचे वाक्य होते : 'दर अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे.' ते वाक्य मी लिहिले होते; वाचले मात्र नव्हते.

कणा म्हणजे खांब नव्हे

आपल्या भाषेत कणा हा ताठपणाचे प्रतीक आहे. 'कणा ताठ ठेवा' असे आपण म्हणतो, त्यामुळे पाठीचा कणा म्हणजे घराच्या खांबासारखी एक सरळ, ठिसूळ वस्तू असावी असा समज होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. प्रौढ माणसाच्या कण्यात चोवीस सुटे मणके असतात : मानेत सात, छातीच्या मागे बारा आणि कमरेत पाच. त्यांच्या खाली त्रिकास्थी आणि माकडहाड ही जोडलेली हाडे. सुट्या मणक्यांच्या मध्ये कूर्चेच्या चकत्या असतात. व्यवहारात आपण त्यांना 'गादी' म्हणतो. तिच्या मध्यभागी पाण्याने भरलेला मऊ गर आणि भोवती घट्ट तंतूंची अनेक वलये असतात. बाजूने पाहिले तर सबंध कण्याला मान, पाठ आणि कंबर अशा ठिकाणी सौम्य बाक असतात. खांब वाकला की मोडतो. कणा मात्र वाकण्यासाठीच बनलेला आहे.

ह्या गाद्यांचा एक गुण ध्यानात ठेवण्याजोगा आहे. दिवसभर शरीराचा भार पडून त्यांतील थोडे पाणी बाहेर पडते आणि रात्री आपण आडवे झालो की ते पुन्हा आत येते. म्हणूनच माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा सुमारे एक सेंटिमीटरने उंच असतो. अंतराळात, जेथे भारच नाही, तेथे प्रवाशांची उंची काही सेंटिमीटरनी वाढते, आणि पुष्कळांना त्या ताणाने पाठदुखीही होते! आपले राकेश शर्मा १९८४ साली सोव्हिएत अंतराळस्थानकात गेले, तेव्हा त्यांनी तेथे योगासनांचा अभ्यास केला होता, हे अनेक वाचकांना आठवत असेल. सांगावयाचे ते इतकेच की, प्रौढ माणसाच्या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. भार येणे आणि भार जाणे ह्या आलटूनपालटून होणाऱ्या हालचालीतूनच पाण्याची ही देवघेव चालते. अखंड ओझे तिला मानवत नाही, तशी अखंड विश्रांतीही मानवत नाही.

उसण, पायाळू आणि 'गॅप'

आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाचा शोध सुरू होतो. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याने कमरेला पाय लावला म्हणजे उसण उतरते, अशी समजूत गावोगाव आहे. उपचार करणारा प्रामाणिक असतो, आणि बरे वाटलेला माणूसही खोटे बोलत नाही. गोम अशी आहे की, अचानक धरलेली बहुतेक कंबर काही दिवसांत ते काही आठवड्यांत आपली आपणच मोकळी होऊ लागते. तिसऱ्या दिवशी पायाळू आला आणि चौथ्या दिवशी बरे वाटले, तर यश पायाळूच्या पदरी पडते. शरीराच्या स्वतःच्या शक्तीला त्याचे श्रेय कोणी देत नाही. नुसता पाय टेकविला तर बिघडत नाही. पण जोराने तुडविणे किंवा झटका देणे घातक ठरू शकते, विशेषतः वृद्धांना.

दुसरा शब्द 'गॅप'. हा शब्द आज खेड्यापाड्यांतही पोचला आहे. 'मणक्यात गॅप आली', 'गादी सरकली', 'गादी झिजली' अशी वाक्ये ऐकली की आपली पाठ म्हणजे विटा निखळलेली भिंत आहे असे चित्र मनात उभे राहते. पण ही चकती वरच्या व खालच्या मणक्यांना घट्ट जोडलेली असते. साबणाच्या वडीसारखी ती सटकत नाही. तिचा फुगवटा येऊ शकतो, कधी आतला गर बाहेर येऊन शिरेवर दाब पडतो व कळ पायात उतरते, हे खरे. परंतु असे दुखणेही पुष्कळ वेळा शस्त्रक्रियेवाचून शांत होते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संकलनात, ज्यांची पाठ मुळीच दुखत नव्हती अशा हजारो माणसांच्या मणक्यांची छायाचित्रे तपासली होती. विशीतील ३७ टक्के निरोगी माणसांत आणि ऐंशीतील ९६ टक्के माणसांत गादीची झीज दिसून आली. केस पिकावेत त्यातलाच हा प्रकार. तेव्हा छायाचित्रात झीज दिसली म्हणजे दुखण्याचे मूळ सापडलेच, असे नव्हे.

येथे अनुवादकाच्या अडचणीची एक गोष्ट सांगतो. दहांपैकी नऊ रुग्णांच्या कंबरदुखीला वैद्यकात जे इंग्रजी नाव आहे, त्याचे कोशातले मराठी 'अविशिष्ट कंबरदुखी' असे होते. मी तो शब्द लिहिला आणि घरी आईला वाचून दाखविला. ती म्हणाली, "म्हणजे डॉक्टरांना काही सापडले नाही, असेच ना? मग दुखणे खोटे की काय?" तो शब्द मी खोडला. दुखणे खरेच असते. फक्त त्याचा ठपका एका हाडावर किंवा एका गादीवर ठेविता येत नाही. स्नायू, सांधे, झोप, काम, चिंता असे पुष्कळ धागे त्यात गुंतलेले असतात. आणि ह्यातच आशेची जागा आहे. कारण ह्यांतील बहुतेक धागे रोजच्या राहणीने सोडविता येतात.

अंथरूण धरू नये

एके काळी कंबर धरली की दोन-तीन आठवडे सक्तीची विश्रांती सांगत असत. इंदूरच्या गृहस्थांना वडिलांनी तोच सल्ला दिला, आणि तो मायेपोटी दिला. परंतु १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी येथे ह्याची कसोटी पाहण्यात आली. नुकतीच कंबर धरलेल्या लोकांचे तीन गट केले : एकाने दोन दिवस पडून राहावे, दुसऱ्याने पाठीचे ठरावीक व्यायाम करावेत, तिसऱ्याने सोसेल तेवढे नेहमीचे काम चालू ठेवावे. सर्वांत लवकर सावरला तो तिसरा गट. पडून राहणारे सर्वांत मागे राहिले.

त्यामुळे आजचा सल्ला असा : पहिले एक-दोन दिवस कळ असह्य असेल तर मधूनमधून आडवे व्हावे, शेक घ्यावा, पण अंथरूण धरू नये. घरातल्या घरात चालावे, हळूहळू कामाला लागावे. पट्ट्याविषयीही तसेच. दीर्घकाळच्या कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या डिसेंबरात जी मार्गदर्शिका काढली, तीत कमरेचे पट्टे आणि वजन लावून ओढ देणे हे नित्याचे उपचार म्हणून करू नयेत असे सांगितले आहे. व्यायाम आणि रुग्णाला नीट समजावून सांगणे ह्यांचा पुरस्कार केला आहे. मात्र हाड मोडले असताना किंवा शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी पट्टा दिला असेल, तर तो आपल्या मनाने सोडू नये.

बसण्याची रीत

बैठ्या कामाने शरीर बिघडते ही तक्रार आजची नाही. इटलीतील वैद्य बर्नार्डिनो रामाझ्झिनी ह्यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात बसून काम करणारे शिंपी आणि त्याच्या पुढील आवृत्तीत दिवसभर लेखणी चालविणारे कारकून ह्यांच्या दुखण्यांचीही दखल घेतलेली आहे.

मग बसावे तरी कसे? १९६० नंतरच्या काळात स्वीडनमधील शल्यवैद्य आल्फ नाखेमसन ह्यांनी गादीत सुई घालून आतला दाब प्रत्यक्ष मोजला. आडवे असताना तो सर्वांत कमी, आणि पुढे वाकून ओझे धरले असता फार अधिक, असे त्यांना आढळले. उभे राहण्यापेक्षा बसण्यात दाब जास्त, हेही त्यांचे मोजमाप पुष्कळ वर्षे प्रमाण मानले गेले. पुढे १९९९ साली जर्मनीत झालेल्या मोजणीत बसण्याचा दाब तसा अधिक आढळला नाही. म्हणजे बसणे हे काही पाप नव्हे. न हलता बसून राहणे हे खरे त्रासाचे. 'ताठ बसा' असे आपण मुलांना ओरडून सांगतो. पण तास-दोन तास ताठ बसलेला माणूसही अखेर अवघडतोच. कोणतीही बैठक कितीही उत्तम असली, तरी ती बदलणे हे तिच्याहून उत्तम.

कचेरीत किंवा घरी संगणकावर काम करणाऱ्यांनी एवढे पाहावे : पावले जमिनीवर टेकावीत, न टेकल्यास खाली पाट किंवा जुन्या नियतकालिकांचा गठ्ठा ठेवावा. कमरेच्या बाकाला मागून आधार असावा. त्याला घडी घातलेला पंचा किंवा टॉवेल पुरे होतो. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या सुमारास असावी. आणि दर अर्ध्या तासाने उठावे. ह्यासाठी मी स्वतः एक युक्ती करतो : पाण्याचा तांब्या मेजावर ठेवीत नाही, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवितो. तहान मला उठविते.

जमिनीवर मांडी घालून बसणे वाईट, असा एक समज शहरांत पसरतो आहे. ज्यांना सवय आहे आणि ज्यांचे गुडघे-खुबे तक्रार करीत नाहीत, त्यांनी ती सवय जरूर राखावी. जमिनीवरून उठणे-बसणे हा मांड्यांचा आणि पाठीचा आपोआप होणारा व्यायाम आहे. पोक काढून तासभर भाजी निवडीत बसू नये, इतकेच. ढुंगणाखाली पाट किंवा उशीची घडी घेतली की कंबर आपसूक सरळ होते.

ओझे उचलताना

कमरेचे स्नायू मणक्यांच्या मध्यापासून सुमारे पाच सेंटिमीटर अंतरावरून ओढ घेतात. तरफेचा साधा नियम लावून पाहा. दहा किलोचा डबा हात लांब करून, कमरेपासून पन्नास सेंटिमीटरवर धरला, तर तो तोलण्यासाठी स्नायूंना दसपट, म्हणजे १०० किलोंच्या भाराएवढी ओढ घ्यावी लागते. तोच डबा पोटाशी, वीस सेंटिमीटरवर धरला, तर चौपट, म्हणजे ४० किलोंएवढी. डबा तोच आणि माणूसही तोच. फक्त अंतर निराळे. वाकलेल्या धडाचे स्वतःचे वजन ह्यात धरलेले नाही.

ह्यावरून चार गोष्टी निघतात. ओझ्याच्या जवळ जावे, मग उचलावे. उचलल्यावर ते अंगाशी धरावे. वळावयाचे असेल तर कंबर पिळू नये, पावले वळवावीत. आणि जे दोघांचे ओझे आहे ते एकट्याने उचलू नये. गुडघे वाकवून उचलणे पुष्कळ वेळा सोयीचे असते, पण केवळ गुडघ्यांचा मंत्र पुरेसा नाही. गुडघे वाकवून हात लांबच ठेविले तर काय उपयोग?

घरातील दोन ओझी विशेष. एक स्वयंपाकाच्या गॅसचे नळकांडे. त्यात गॅस १४.२ किलो असला तरी लोखंडासह भरलेले वजन तीस किलोंच्या आसपास जाते. ते उचलू नये; चाकांच्या बैठकीवर ठेवावे, नाहीतर तिरके करून बुडाच्या कडेवर फिरवीत न्यावे. दुसरे पाणी. दोन्ही हातांत दोन अर्ध्या बादल्या नेणे हे एका हातात एक भरलेली बादली नेण्यापेक्षा पाठीला सोपे जाते. कारण भार दोहीकडे सारखा पडतो. कडेवर कळशी घेणाऱ्या भगिनींनी खेपेगणिक कड बदलावी.

हे सर्व वैयक्तिक शहाणपण झाले. काही वेळा दोष माणसाच्या रीतीत नसून अवजारात असतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या शेतांत आखूड दांड्याचे कुदळे वापरावे लागत असे. मजूर दिवसभर दुमडून काम करीत, आणि पुष्कळांच्या पाठी कायमच्या दुखावत. मजुरांनी दाद मागितली, आणि १९७५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर त्या अवजारावर बंदी आली. लांब दांड्याने शेती बुडाली नाही. आपल्या घरातील केरसुणीकडेही ह्याच दृष्टीने पाहावे. तिला हातभर काठी बांधली किंवा लांब दांड्याचा झाडू आणला, तर केर तितकाच निघतो आणि वाकणे वाचते. घरी मोलकरीण येत असेल, तर तिच्याही हाती लांब दांड्याचेच झाडू-पुसणे द्यावे. तिची पाठ चार घरांत वाकते. शेतात बसून खुरपण्याऐवजी, जेथे पीक ओळीत आहे तेथे उभ्याने ढकलावयाचे हातकोळपे वापरता येते.

ओटा, अंथरूण आणि दप्तर

स्वयंपाकाचा ओटा बांधताना घरातील पुरुष आणि गवंडी मिळून उंची ठरवितात, आणि पुढे तीस वर्षे तेथे उभी राहते दुसरीच व्यक्ती! ओटा कोपराच्या उंचीपेक्षा दहा ते पंधरा सेंटिमीटर खाली असावा. कणीक तिंबण्यासारख्या जोराच्या कामाला तो आणखी थोडा खाली असलेला बरा. बांधलेला ओटा बदलता येत नाही. पण उंच पडणाऱ्या ओट्यापुढे लाकडी फळी ठेवून उभे राहता येते, आणि ठेंगण्या ओट्यावर जाड पाट ठेवून चिरता येते. फार वेळ उभे राहावयाचे झाल्यास एक पाय वीतभर उंच पाटावर ठेवावा व थोड्या वेळाने पाय बदलावा.

झोपेविषयी एक जुना समज दूर करावयास हवा. कंबरदुखीला कठीण फळीच चांगली, असे आपण ऐकत आलो. स्पेनमध्ये ३१३ रुग्णांवर केलेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, अगदी कठीण गादीपेक्षा मध्यम कठीण गादीवर झोपणाऱ्यांना अधिक आराम पडला. म्हणजे खड्डा पडणारी मऊ गादी नको, आणि फळीही नको. सतरंजीवर घातलेली पिंजून भरलेली कापसाची गादी पुष्कळांना मानवते. कुशीवर निजणाऱ्यांनी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी घ्यावी, उताणे निजणाऱ्यांनी गुडघ्यांखाली. सकाळी उठताना एकदम कंबरेतून उसळू नये. कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन उठावे. रात्रभर पाणी शोषून गाद्या त्या वेळी टंच झालेल्या असतात, म्हणून उठल्यानंतरच्या पहिल्या घटकेत वाकून ओझी उचलू नयेत.

मुलांच्या दप्तरांविषयी आपल्याकडे फार दिवस चर्चा चालू आहे. प्राध्यापक यशपाल समितीने १९९३ साली शिक्षणाच्या ओझ्याकडे देशाचे लक्ष वेधले. तिचा मुख्य रोख मनावरील ओझ्याकडे होता, हे विसरू नये. केंद्र सरकारच्या २०२० च्या धोरणाप्रमाणे दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये. पंचवीस किलोच्या मुलाला अडीच किलो. रविवारी घरच्या काट्यावर दप्तर तोलून पाहावे. नको असलेल्या वस्तूच पुष्कळदा निम्म्या निघतात. दोन्ही पट्टे खांद्यांवर घ्यावयास शिकवावे. परंतु मुलांच्या पाठीला दप्तरापेक्षाही अधिक बाधते ते खेळाचे मैदान सुटणे.

सर्वांत स्वस्त औषध

आता मुख्य प्रश्न. पाठदुखी टाळण्यासाठी खात्रीचे असे काय आहे? २०१६ साली एकवीस प्रयोगांचे आणि त्यांतील तीस हजारांहून अधिक माणसांचे निष्कर्ष एकत्र मांडण्यात आले. पट्टे आणि बुटांत घालावयाच्या गाद्या ह्यांनी पाठदुखी टळत असल्याचे दिसले नाही. नियमित व्यायाम आणि त्यासोबत पाठीविषयीची योग्य माहिती, ह्या जोडीने मात्र दुखणे येण्याचा धोका सुमारे ४५ टक्क्यांनी कमी झाला.

आणि व्यायाम म्हणजे काही आखाडा नव्हे. ऑस्ट्रेलियात ७०१ माणसांवर झालेल्या व २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्यांना हळूहळू वाढवीत आठवड्यातून पाच वेळा अर्धा-अर्धा तास चालावयास सांगितले होते. न चालणाऱ्यांचे दुखणे साधारणपणे ११२ दिवसांनी उलटले. चालणाऱ्यांचे २०८ दिवसांनी. चालण्याला पैसा लागत नाही, डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही, आणि संध्याकाळी नवरा-बायकोला अर्धा तास बोलावयास सापडतो तो वेगळाच लाभ.

ज्यांना घरी थोडे अधिक करावयाचे आहे त्यांनी हे तीन प्रकार सावकाश, श्वास न कोंडता, प्रत्येकी आठ-दहा वेळा करावेत. पहिला : उताणे पडून, गुडघे दुमडून कंबर हळूच वर उचलावी व खाली आणावी, योगात ह्याला सेतुबंधासन म्हणतात. दुसरा : रांगण्याच्या स्थितीत पाठ मांजरीसारखी वर कमानदार करावी, मग खाली सोडावी. तिसरा : त्याच स्थितीत उजवा हात पुढे व डावा पाय मागे सरळ ताणावा, पाच अंक मोजावेत, मग बाजू बदलावी. सूर्यनमस्कारांची सवय असलेल्यांना वेगळे सांगावयास नको. औंधचे राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्कार घरोघरी नेण्यासाठी आयुष्य वेचले. ती पुंजी आपल्या घरात आहेच. मात्र दुखण्यातून नुकते उठलेल्यांनी एकदम पूर्ण नमस्कार घालू नयेत.

दोन गोष्टी पाठीशी संबंध नसलेल्या वाटतात, पण तो आहे. एक धूम्रपान : विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत कंबरदुखी अधिक आढळते. दुसरी मनाची स्थिती. अमेरिकेतील विमान-कारखान्यात तीन हजारांहून अधिक कामगारांची पाहणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. कोणाची पाठ दुखावल्याची नोंद होईल, ह्याचा संबंध स्नायूंच्या ताकदीपेक्षा कामातील असमाधानाशी अधिक दिसून आला. अपुरी झोप, कर्जाची विवंचना, घरातील अबोला ह्यांनीही स्नायू आखडतात आणि वेदना तीव्र होते. म्हणून दुखणाऱ्याला 'तुला काही झालेले नाही' असे म्हणू नये, आणि 'आता तुझे काही खरे नाही' असेही म्हणू नये.

केव्हा थांबू नये

वर सांगितलेला धीर बहुतेकांसाठी आहे, सर्वांसाठी नव्हे. लघवी किंवा शौचाचे नियंत्रण गेले, बैठकीच्या भागात बधिरता आली, किंवा पायांतील जोर कमी होऊ लागला, तर त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासात रुग्णालय गाठावे. पाठदुखीसोबत ताप, संध्याकाळची कणकण, वजन घटणे अशी लक्षणे असतील तर मणक्याच्या क्षयाची शंका घ्यावी. आपल्या देशात हा रोग अजून आहे, आणि वेळीच ओळखल्यास औषधांनी तो बरा होतो. पडल्या-आपटल्यानंतरचे दुखणे, पूर्वी कर्करोग झालेल्यांचे दुखणे, विश्रांतीतही न थांबणारी रात्रीची कळ, किंवा साठीनंतर अचानक उद्भवलेली तीव्र वेदना, ह्यांना घरगुती उपाय करीत बसू नये. सहा आठवड्यांत उतार पडला नाही तरीही डॉक्टरांकडे जावे.

इंदूरच्या पत्राचे उत्तर

आता पुन्हा त्या पत्राकडे. भगिनी, आपल्या यजमानांना वरील धोक्याची लक्षणे नाहीत असे आपल्या मजकुरावरून दिसते. तरी एकदा डॉक्टरांना विचारून खात्री करून घ्यावी, आणि पट्टा कसा सोडावयाचा हेही त्यांनाच विचारावे. त्यानंतर उद्यापासून दोघांनी संध्याकाळी दहा मिनिटे चालावे. दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवावी. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी बाजारातून एक किलो भाजी आणावी, चौथ्यात दोन. पाठीचा विश्वास असाच, तोळ्या-तोळ्याने परत येतो.

आणि मुलीसाठी तितके दिवस थांबण्याचे कारण नाही. कचेरीतून आल्यावर त्यांनी आधी खुर्चीवर बसावे आणि तिला मांडीवर चढू द्यावे. कंबर धीट झाली की एका गुडघ्यावर टेकून तिला छातीशी धरावे, आणि मग तिच्यासह उठावे. वर तरफेचा जो नियम सांगितला, तो येथेही लागू आहे : ओझे जितके उराशी, तितके हलके.

माझ्या पाठीचे म्हणाल तर ती अजून मधूनमधून आठवण देते. हे सदर लिहिताना मी सात वेळा उठलो आणि तांब्या दोनदा रिकामा झाला.